साधने अपुरी असताना महासाथीला तोंड कसे द्यावे

रुग्णालयात ज्याला जंबो सिलिंडर म्हणतात, त्यात साधारण ७,००० लिटर प्राणवायू मावतो. एखाद्या रुग्णाला मिनिटाला १० लिटर प्राणवायू लागत असेल, तर असा सिलिंडर ७०० मिनिटे, म्हणजे बारा तासांना थोडा कमीच वेळ पुरतो. तोच रुग्ण अधिक गंभीर झाला, नाकावाटे वेगाने प्राणवायू देणाऱ्या यंत्रावर गेला आणि त्याला मिनिटाला ६० लिटर लागू लागले, तर तो सिलिंडर दोन तासांच्या आत रिकामा होतो. एप्रिल २०२१ मध्ये नागपुरातल्या प्रत्येक कोविड वॉर्डात हाच हिशेब रात्रंदिवस चालू होता. मेयो आणि मेडिकल ही दोन शासकीय रुग्णालये एकट्या नागपूरची नव्हेत; विदर्भातल्या जिल्ह्यांबरोबरच मध्य प्रदेशातल्या छिंदवाडा, शिवनी, बालाघाट इथूनही रुग्ण त्यांच्या दाराशी येतात. विशाखापट्टणमहून निघालेली देशातली पहिली प्राणवायू रेल्वे २३ एप्रिल २०२१ रोजी नागपुरात थांबली, तिने काही टँकर इथे उतरवले आणि बाकीचे घेऊन ती नाशिककडे गेली. द्रवरूप प्राणवायू उणे १८३ अंश सेल्सिअसला ठेवावा लागतो, त्यामुळे त्याचे टँकरही खास असतात आणि ते मोजकेच असतात. देशात पोलाद कारखान्यांजवळ प्राणवायू होता आणि रुग्ण शेकडो किलोमीटर दूर होते. साधनांची मर्यादा म्हणतात ती प्रत्यक्षात अशी दिसते.

ही मर्यादा केवळ पैशाची नसते. भारतात दर हजार लोकांमागे रुग्णालयातली साधारण अर्धी खाट आहे, तर जपानमध्ये हेच प्रमाण तेराच्या आसपास आहे. खाट वाढवणे त्यातल्या त्यात सोपे असते. शाळेत, सभागृहात, मैदानावरच्या मंडपात खाटा लावता येतात. पण अतिदक्षता विभागातल्या दर एक-दोन रुग्णांमागे एक प्रशिक्षित परिचारिका हवी, तीही तिन्ही पाळ्यांत हवी, आणि ती महिनाभरात तयार होत नाही. २०२० मध्ये देशभर व्हेंटिलेटर वाटले गेले, पण ते चालवणारे हात नसल्यामुळे अनेक ठिकाणी ती यंत्रे आवरणात गुंडाळलेलीच राहिली.

यापेक्षाही महत्त्वाची गोष्ट साथीच्या गणितात दडलेली आहे आणि ती नीट समजून घेतली पाहिजे. समजा, एखाद्या शहरात रुग्णांची संख्या दर चार दिवसांनी दुप्पट होते आहे. आज गंभीर रुग्ण १०० असतील, तर चार दिवसांनी २००, आठ दिवसांनी ४०० आणि बाराव्या दिवशी ८०० होतील. शहरात ४०० खाटा असतील, तर त्या आठव्या दिवशी भरतात. आता प्रशासनाने कोट्यवधी रुपये ओतून त्या ८०० केल्या, असे धरू. एवढ्या खटाटोपाने मिळाले किती, तर फक्त चार दिवस. याउलट संसर्गाचा वेगच कमी करून दुप्पट होण्याचा काळ चार दिवसांवरून आठ दिवसांवर नेला, तर त्याच ४०० खाटा सोळाव्या दिवसापर्यंत पुरतात आणि त्याही पुढच्या प्रत्येक टप्प्यावर हा फायदा वाढतच जातो. श्रीमंत देशांना दोन्ही गोष्टी करता येतात. गरीब देशांना निवड करावी लागते, आणि म्हणूनच त्यांच्यासाठी साथीचा निकाल बहुतांशी वस्तीतच लागतो. गोष्ट रुग्णालयापर्यंत पोहोचते तेव्हा बराचसा वेळ हातचा निघून गेलेला असतो.

वेग कमी करायचा तर आधी कोण बाधित आहे ते कळायला हवे, आणि इथे पहिला तुटवडा चाचण्यांचा असतो. २०२० च्या एप्रिलमध्ये भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने, म्हणजे आयसीएमआरने, ज्या भागात बाधितांचे प्रमाण २ टक्क्यांहून कमी आहे तिथे पाच जणांपर्यंतचे नमुने एकत्र करून तपासण्यास परवानगी दिली. ही युक्ती अमेरिकेत रॉबर्ट डॉर्फमन यांनी १९४३ मध्ये सैनिकांमधल्या सिफिलिसच्या तपासणीसाठी मांडली होती. शंभर जणांपैकी एकच बाधित असेल, तर पाच-पाच जणांचे वीस गट करायचे आणि वीसच चाचण्या करायच्या. एकोणीस गट निर्दोष निघतात, म्हणजे पंच्याण्णव लोक एकदम मोकळे होतात. उरलेल्या एका गटातल्या पाच जणांची वेगवेगळी चाचणी केली की काम संपते. शंभर जणांसाठी एकूण २५ चाचण्या लागल्या. मात्र शंभरातले तीस बाधित असतील, तर बहुतेक गट बाधित निघतात, जवळजवळ सगळ्यांचीच पुन्हा तपासणी करावी लागते आणि चाचण्यांची संख्या सरासरी शंभराच्याही पुढे जाते. म्हणजे हे साधन साथीच्या सुरुवातीलाच कामाचे असते. उशीर केला की ते निरुपयोगी ठरते.

दुसरे उदाहरण नागपूरच्याच नीरीचे, म्हणजे राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेचे आहे, आणि ते मला फार मोलाचे वाटते. नेहमीच्या आरटीपीसीआर चाचणीला नाका-घशातून नमुना घेणारी विशिष्ट काडी लागते, ती योग्य जागी फिरवणारा प्रशिक्षित माणूस लागतो आणि नमुन्यातून विषाणूचा आरएनए, म्हणजे त्याचा जनुकीय रेणू, वेगळा काढणारे महागडे किट लागते. नीरीतील डॉ. कृष्णा खैरनार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या तिन्ही गोष्टी वगळणारी पद्धत बसवली. नळीतले साधे सलाइन तोंडात घ्यायचे, पंधरा सेकंद गुळण्या करायच्या आणि ते त्याच नळीत परत टाकायचे. प्रयोगशाळेत हा नमुना एका द्रावणात मिसळून अर्धा तास खोलीच्या तापमानाला ठेवतात, मग सहा मिनिटे ९८ अंशांना तापवतात. उष्णतेने विषाणूचे कवच फुटते आणि आरएनए बाहेर येतो, त्यामुळे किटची गरज उरत नाही. पुढची तपासणी नेहमीच्याच यंत्रावर होते. मे २०२१ मध्ये आयसीएमआरने या पद्धतीला मान्यता दिली. ज्या तालुक्यात नमुना घेणारा तंत्रज्ञच नाही, तिथे माणूस स्वतःचा नमुना स्वतः देऊ शकतो, आणि रांगेत शेजारी-शेजारी उभे राहून संसर्ग होण्याची भीतीही कमी होते.

अर्ध्या तासात निकाल देणारी अँटिजेन चाचणी याहून स्वस्त आणि सोपी आहे. ती ज्याला बाधित म्हणते तो बहुधा बाधित असतोच. पण खरोखर बाधित असलेले बरेच जण तिच्या नजरेतून सुटतात. म्हणून लक्षणे असूनही ती नकारात्मक आली, तर आरटीपीसीआर करण्याचा नियम घालून देण्यात आला होता. गर्दीच्या काळात नेमका हा दुसरा टप्पाच गळून पडतो, आणि हातात नकारात्मक कागद असलेला माणूस निर्धास्तपणे बाजारात जातो.

बाधित माणूस सापडला की त्याच्या संपर्कातल्यांचा शोध सुरू होतो. हे काम यंत्राचे नाही, चालणाऱ्या पायांचे आणि ओळखीच्या माणसांचे आहे. जुलै २०१४ मध्ये इबोलाचा एक रुग्ण विमानाने नायजेरियातल्या लागोसला उतरला. दाट वस्तीच्या त्या महानगरात इबोला पसरला असता तर काय झाले असते, याची कल्पनाही करवत नाही. पण नायजेरियात पोलिओ निर्मूलनासाठी उभारलेले समन्वय केंद्र आणि घरोघरी जाणारे कर्मचारी आधीच होते. तीच यंत्रणा काही दिवसांत इबोलाकडे वळवली गेली. सुमारे ९०० संपर्कांची यादी झाली, कर्मचाऱ्यांनी त्यांच्या घरी १८ हजारांहून अधिक भेटी दिल्या, आणि २० रुग्ण व ८ मृत्यूंवर साथ थांबली. त्याच वर्षी २० ऑक्टोबरला देश इबोलामुक्त जाहीर झाला. व्हिएतनामनेही २०२० मध्ये संपर्कांची साखळी दोन-तीन पायऱ्या खोल शोधण्यावर भर दिला. साडेनऊ कोटींहून अधिक लोकसंख्येच्या त्या देशात कोविडचा पहिला मृत्यू ३१ जुलै २०२० रोजी नोंदला गेला.

आपल्याकडे हे काम प्रामुख्याने आशा सेविकांनी केले. १५ सप्टेंबर २०२० पासून महाराष्ट्रात ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ ही मोहीम सुरू झाली आणि पथके ताप मोजणारे यंत्र व ऑक्सिमीटर घेऊन दारोदार फिरली. ऑक्सिमीटर दिसायला साधा असला, तरी त्यावरचा आकडा बरोबर घेणे हे कौशल्य आहे. नखावर गडद रंग असेल किंवा बोट थंड असेल, तर आकडा चुकतो. म्हणून हात चोळून गरम करायला सांगावे लागते आणि आकडा स्थिर होईपर्यंत थांबावे लागते. बसल्या जागी आकडा ठीक असला तरी सहा मिनिटे घरातल्या घरात चालायला लावून तो पुन्हा पाहिला, की फुप्फुसांत सुरू झालेला बिघाड आधीच लक्षात येतो. कोविडमध्ये कित्येकांना धाप न लागताच रक्तातला प्राणवायू घसरत असे, त्यामुळे ही साधी चाचणी जीव वाचवणारी होती. असा रुग्ण लवकर दवाखान्यात पोहोचला तर त्याला मिनिटाला दोन-चार लिटर प्राणवायू पुरण्याची शक्यता मोठी असते. तोच चार दिवस उशिरा पोहोचला तर ६० लिटरही कमी पडू शकतात. सुरुवातीच्या सिलिंडरच्या हिशेबात आशा सेविकेचे स्थान किती मोठे आहे, हे यावरून कळावे. जागतिक आरोग्य संघटनेने मे २०२२ मध्ये भारतातल्या सुमारे दहा लाख आशांचा सन्मान केला. त्याआधी जून २०२१ मध्ये महाराष्ट्रातल्या आशांना मानधनासाठी संप करावा लागला होता, हेही त्याच इतिहासात नोंदवले गेले पाहिजे.

विलगीकरणाचा सल्ला परदेशातून जसाच्या तसा उचलला की काय होते, ते नागपुरातल्या सतरंजीपुरा आणि मोमीनपुरा या वस्त्यांनी दाखवले. ‘वेगळ्या खोलीत राहा, वेगळे स्वच्छतागृह वापरा’ हे वाक्य दहा बाय बाराच्या खोलीत सहा माणसे राहतात तिथे निरर्थक ठरते. म्हणून एप्रिल-मे २०२० मध्ये नागपूर महानगरपालिकेने या भागांतून शेकडो लोकांना उचलून आमदार निवासासारख्या ठिकाणी संस्थात्मक विलगीकरणात ठेवले. वैद्यकीयदृष्ट्या हा निर्णय समजण्यासारखा होता. पण आपल्याला घरातून नेले जाईल, दुकान बंद पडेल, मोहल्ल्यात नाव होईल, ही भीती एकदा बसली की माणसे ताप लपवू लागतात, आणि लपवलेला ताप हा साथीतला सर्वांत महाग ताप असतो. अशा वेळी वस्तीतला डॉक्टर, मशिदीतले किंवा मंदिरातले जाणते लोक, महिला बचत गट यांना पहिल्या दिवसापासून सोबत घेतले तर तेच काम कमी बळात होते. मुंबईच्या धारावीत खासगी दवाखाने चालवणाऱ्या डॉक्टरांना तपासणीत सामील करून घेतले गेले. लोक त्यांना आधीपासून ओळखत होते, हे त्यामागचे मुख्य कारण.

घरात थांबण्याची आणखी एक किंमत आहे आणि ती पोटाची आहे. रोज कमावून रोज खाणाऱ्याला चौदा दिवस घरी बसायला सांगणे म्हणजे चौदा दिवसांचे उत्पन्न सोडायला सांगणे. २५ मार्च २०२० पासून देशभर टाळेबंदी लागू झाली. राष्ट्रीय महामार्ग ४४ नागपुरातून जातो, त्यामुळे हैदराबादकडून उत्तर प्रदेश, मध्य प्रदेशकडे पायी निघालेल्या मजुरांचे तांडे नागपूरकरांनी डोळ्यांनी पाहिले आणि शहराच्या वेशीवर त्यांच्या जेवणा-पाण्याची सोय केली. टाळेबंदीने संसर्गाचा वेग कमी होतो यात शंका नाही. पण ती लागू करताना धान्य, पैसा आणि घरी जाण्याची वाहने यांची सोय त्याच दिवशी जाहीर झाली पाहिजे, असे माझे ठाम मत आहे. एप्रिल २०२० पासून सुमारे ८० कोटी लोकांना माणशी दरमहा ५ किलो मोफत धान्य देण्याची योजना आली, ती केवळ कल्याणकारी योजना नव्हती. शिधा घरात असेल तरच बाधित माणूस घरात राहतो, म्हणून ती साथनियंत्रणाचीही उपाययोजना होती.

आता उपचारांकडे येऊ. कमी साधनांतल्या उपचाराचा सर्वांत मोठा धडा कॉलऱ्याच्या सातव्या महासाथीने दिला. ही महासाथ १९६१ मध्ये इंडोनेशियात सुरू झाली आणि १९७१ मध्ये बांगलादेश मुक्तियुद्धातल्या निर्वासितांच्या छावण्यांत ती भयंकर रूपात उतरली. पश्चिम बंगालमधल्या बनगाव इथे डॉ. दिलीप महालनबीस काम करत होते. शिरेतून देण्याचे सलाइन संपत आले होते आणि रुग्ण जमिनीवर, स्वतःच्याच उलटी-जुलाबांत पडलेले होते. ग्लुकोजसोबत दिलेले मीठ आतड्यातून शोषले जाते आणि त्याच्यामागून पाणीही शरीरात येते, हे तोवर प्रयोगांतून समजले होते. डॉ. महालनबीस यांनी लिटरला २२ ग्रॅम ग्लुकोज, साडेतीन ग्रॅम मीठ आणि अडीच ग्रॅम खाण्याचा सोडा या प्रमाणात मिश्रण करवून घेतले, ते पिंपांत कालवले आणि रुग्णांच्या आई-बहिणींच्या हाती पेले दिले. त्या छावणीतले मृत्यूचे प्रमाण ३० टक्क्यांच्या घरातून साडेतीन टक्क्यांच्या आसपास आले. यात बारकाईने पाहण्यासारखी गोष्ट ही, की औषध स्वस्त झालेच, पण ते देण्यासाठी लागणारा प्रशिक्षित माणूसही लागेनासा झाला. तुटवड्याच्या काळात हा दुसरा फायदा पहिल्याहून मोठा ठरतो.

कोविडमध्ये अशीच जागा डेक्सामेथासोन या जुन्या, काही रुपयांत मिळणाऱ्या स्टेरॉइडची होती. जून २०२० मध्ये ब्रिटनमधल्या रिकव्हरी चाचणीने दाखवले, की व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांचे मृत्यू या औषधाने सुमारे एक तृतीयांशाने, तर प्राणवायूवरच्या रुग्णांचे सुमारे एक पंचमांशाने कमी होतात. ज्याला प्राणवायू लागतच नाही, त्याला मात्र या औषधाचा फायदा नव्हता. याच्या अगदी उलट गोष्ट रेमडेसिव्हिरची. मृत्यू टाळण्यात या औषधाचा फारसा उपयोग दिसत नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या सॉलिडॅरिटी चाचणीतून ऑक्टोबर २०२० मध्येच पुढे आले होते. तरीही एप्रिल २०२१ मध्ये नागपुरात माणसे मध्यरात्री औषध दुकानांबाहेर रांगा लावत होती, काळ्या बाजारात दागिने मोडून कुपी घेत होती, आणि पुरवठ्याचा प्रश्न उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापर्यंत गेला. त्या रांगेत उभ्या असलेल्या मुलाचा किंवा मुलीचा यात काहीच दोष नव्हता; चिठ्ठीवर लिहून दिलेले औषध आणणे हे त्यांचे कर्तव्य होते. दोष होता तो कोणत्या औषधाने खरोखर फरक पडतो हे साध्या शब्दांत, वेळेवर आणि एकमुखाने न सांगण्याचा. स्वस्त स्टेरॉइडही बेताल वापरले गेले, मधुमेहींची रक्तातली साखर वाढली, आणि मे २०२१ मध्ये काळ्या बुरशीच्या रुग्णांनी याच शहरातले वॉर्ड भरले. औषध स्वस्त असले म्हणून ते देण्याची शिस्त सैल करून चालत नाही.

प्राणवायूच्या बाबतीत नंदुरबारचे उदाहरण सांगितलेच पाहिजे. राज्यातल्या या आदिवासीबहुल आणि आरोग्य सुविधांत मागे असलेल्या जिल्ह्याचे तत्कालीन जिल्हाधिकारी डॉ. राजेंद्र भारूड यांनी पहिली लाट ओसरत असतानाच, २०२० मध्ये, हवेतून प्राणवायू वेगळा करणारा प्रकल्प उभा केला. हवेत २१ टक्के प्राणवायू असतो; दाबाखाली हवा झिओलाइट या सच्छिद्र खनिजातून सोडली की नायट्रोजन अडकतो आणि साधारण ९३ टक्के शुद्धतेचा प्राणवायू बाहेर येतो. मिनिटाला ६०० लिटर क्षमतेचा एक प्रकल्प मिनिटाला १० लिटर घेणारे ६० रुग्ण सांभाळू शकतो, आणि त्याला टँकरची वाट पाहावी लागत नाही. पुढे देशभर असे प्रकल्प बसले. पण त्यांना अखंड वीज हवी, वेळोवेळी गाळण्या बदलणारा तंत्रज्ञ हवा आणि त्यासाठी दरवर्षी अंदाजपत्रकात वेगळी रक्कम हवी. साथ नसतानाच्या वर्षांत कात्री नेमकी याच रकमेला लागते.

लशीबद्दल थोडक्यात एवढेच, की उणे ७० अंशांची लस आणि २ ते ८ अंशांत टिकणारी लस यांत गरीब देशासाठी जमीन-अस्मानाचा फरक आहे, कारण दुसरी लस गोवर-पोलिओसाठी प्राथमिक आरोग्य केंद्रात आधीच ठेवलेल्या शीतपेटीत राहू शकते. २०२१ च्या अखेरीस आफ्रिकेतल्या दहा टक्के लोकांचेही पूर्ण लसीकरण झालेले नव्हते, ही जगाने मनाला लावून घेण्यासारखी गोष्ट आहे.

साथीकडे सगळे बळ वळवताना मागे काय सुटते, याचीही नोंद ठेवावी लागते. भारतात २०१९ मध्ये क्षयरोगाचे सुमारे २४ लाख रुग्ण नोंदले गेले होते. २०२० मध्ये ही नोंद १८ लाखांवर आली. क्षयरोग कमी झाला नव्हता. तपासणीची यंत्रे आणि तंत्रज्ञ कोविडकडे गेले होते, दवाखान्यात जायची सोय नव्हती आणि खोकला असलेला माणूस घरातच बसून कुटुंबाला संसर्ग देत होता. म्हणून पुढच्या वेळी खोकल्याची एकच तपासणी दोन्ही रोगांसाठी करणे आणि क्षयरोगाच्या गोळ्या दोन-तीन महिन्यांच्या एकदम घरी पोहोचवणे, ही तयारी आजच लिहून ठेवता येते.

स्वस्तात लवकर सूचना मिळवण्याचा एक मार्ग सांडपाण्यातून जातो. मुंबईत २००१ पासून पोलिओच्या विषाणूसाठी सांडपाणी तपासले जाते, आणि कोविडचा विषाणूही विष्ठेतून बाहेर पडत असल्याने हीच पद्धत तिथेही चालते. नागपुरात भांडेवाडीच्या प्रक्रिया केंद्रात शहराच्या मोठ्या भागाचे सांडपाणी येते, तिथून ते शुद्ध होऊन कोराडीच्या वीज केंद्राला जाते. या केंद्राच्या तोंडाशी आठवड्यातून दोनदा घेतलेला एकेक नमुना लाखो लोकांबद्दल सांगू शकतो, आणि त्यासाठी कोणालाही रांगेत उभे राहावे लागत नाही. मात्र मलवाहिनीला न जोडलेली घरे या नमुन्यात येत नाहीत, आणि ती बहुधा सर्वांत दाट वस्त्यांतलीच असतात. त्यामुळे नाग नदीला मिळणाऱ्या नाल्यांवरही, वस्तीनिहाय ठिकाणे ठरवून, वेगळे नमुने घ्यावे लागतील.